आधी कागद दाखवा

मागच्या कार्तिकातली गोष्ट. संध्याकाळी पाच-सव्वापाचला अक्काचा फोन आला. "अरे, सात वाजता कोर्टाचा बेलिफ येतोय म्हणे माझ्याकडं. पोलीस घेऊन. तुझ्या ओळखीतला असंल तर त्याला सांग ना, बाई एकटी आहे म्हणून."

अक्का माझी बहीण, एकाहत्तर वर्षांची. हडपसरला राहते. दाजींना जाऊन दोन वर्षे झाली. त्या दिवशी दुपारपासून तिला अकरा फोन आले होते. दाजींनी जाण्याआधी कुठल्याशा फायनान्स कंपनीकडून ४८,००० रुपये उचलले, ते थकले, केस झाली, तुमच्या नावाने अटक वॉरंट निघाले, असे फोनवरचा माणूस सांगत होता. दाजींचे पूर्ण नाव, जुन्या घराचा पत्ता, कुठल्या कारखान्यात होते, सगळे त्याने बरोबर सांगितले. मग म्हणाला, आज थोडे तरी भरा म्हणजे बेलिफाला थांबवतो. अक्काने शेजारच्या मुलाकडून ४,००० रुपये पाठवूनही टाकले होते. तरी फोन थांबले नव्हते, आणि चार वाजता त्याच लोकांनी तिच्या विहीणबाईंना फोन केला होता. अक्का रडत होती ती त्या फोनमुळे.

मी पुणे जिल्ह्यातल्या दिवाणी न्यायालयांत बत्तीस वर्षे बेलिफ होतो. समन्स बजावली, जप्त्या केल्या, जागांचे ताबे दिले-घेतले. कार्तिकात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, आणि सूर्यास्तानंतर बेलिफाला कुणाच्या राहत्या घरात पाऊल ठेवता येत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तसे स्पष्ट लिहिले आहे. सात वाजता बेलिफ येतो म्हणणारा माणूस कोर्टाचा नाही, हे मला त्या एका वाक्यावरून कळले. अक्काला ते कळायला मार्ग नव्हता. माझी सगळी नोकरी तिच्या डोळ्यांदेखत झाली, पण हे मी तिला कधी सांगितले नव्हते. तेव्हापासून मनात आहे की जे मला ठाऊक आहे ते लिहून काढावे. त्यात बेलिफाची माहिती थोडी आहे आणि तगाद्याचा इतिहास जास्त, कारण १८७५ साली जिथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले त्या सुप्याजवळ आमचे गाव आहे आणि हा इतिहास आम्ही घरातच ऐकला.

तगादा हा शब्द फारसीतून आला. जुन्या कागदांत तो तकाजा असाही दिसतो. पेशवाई बुडाल्यावर नव्या मुलखाचा कारभार माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला. १८१९ साली त्याने कलकत्त्याला जो मोठा अहवाल पाठवला, त्यात मराठी मुलखात कर्ज कसे वसूल होते याचे तपशीलवार वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालचा असेल तर सावकार त्याला घरात अडकवून ठेवी, पोटभर खाऊ देत नसे, उन्हात बसवी. ऋणको वरचढ असेल तर उलट. मग सावकार त्याच्या अब्रूला हात घाली. उंबरठ्यावर आडवा पडे, रस्त्यात लोळण घेई, दारात ओरडत बसे, किंवा हे सगळे करायला दुसरी माणसे लावी. पैसे देऊन तगादेदार नेमायची रीत दोनशे वर्षांपूर्वीही होती, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

शेवटचा उपाय धरणे. मागणारा दारात उपाशी बसायचा. तो उठेपर्यंत आतल्यानेही जेवायचे नाही, असा संकेत. लष्करातही हे चाले. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या टॉमस ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने थकलेल्या पगारासाठी धरलेल्या धरण्यांचे वर्णन आपल्या पत्रांत केले आहे. आज आपण मोर्चा आणि धरणे एका दमात म्हणतो, पण शब्द मुळात वसुलीचा आहे.

धरण्याची रीत क्रूर होती, यात शंका नाही. तरी तिच्यात एक गोष्ट होती जी माझ्या मनातून जात नाही. धरणेकरी स्वतः उपाशी असायचा. त्याचे तोंड गावाला दिसायचे. त्याची मागणी खोटी निघाली तर त्याचीच अब्रू जायची. एल्फिन्स्टन लिहितो की मागणी रास्त असेल तोवर तगादेदाराला हुसकावून लावायचे नाही असा लोकांचा रिवाज होता, आणि ती रास्त नसेल तर छळ सोसणारा स्वतःच पंचायत बसवा म्हणायचा. म्हणजे तगादा आणि पंचायत ही जोडी होती. दारात बसलेल्याला शेवटी चौघांसमोर आपले येणे सिद्ध करावे लागे.

पुढे इंग्रजी अंमलात धरणे गुन्हा ठरले. १८६० च्या भारतीय दंड संहितेत, दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करायला भाग पाडण्याबद्दलचे ५०८ वे कलम होते. त्याखाली जे उदाहरण दिले ते दारात धरणे धरून बसणाऱ्याचेच.

धरणे गेले आणि कोर्ट आले. कोर्टाबरोबर स्टँपचा कागद आला. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या नावाचा एक रोखा बरीच वर्षे होता. सहीच्या जागी नांगराची आकृती आणि बाजूला कारकुनाच्या अक्षरात "निशाणी नांगर". कुणबी माणूस सही म्हणून नांगर काढायचा. वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. मुद्दल किती, व्याज किती, मनोती म्हणून आधीच किती कापून घेतले, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने असे ठरवले की रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावावा, नंतर नाही. ऋणकोवर व्याजाचा डोंगर साचू नये हा हेतू. झाले भलतेच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि जुने मुद्दल अधिक व्याज हे नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढू लागले. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागायचे नाही, असा. मुंबई इलाख्यातली कोर्टेही तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानत. पण दर तीन वर्षांनी व्याजच मुद्दल होऊन बसले तर दामदुपट कशाची मोजणार?

त्यात अमेरिकेतले यादवी युद्ध आले. १८६१ ते १८६५ मध्ये तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमाराला सरकारने जमाबंदीची फेरतपासणी करून सारा वाढवला. उधारी बंद, सारा वाढलेला, आणि कोर्टात हुकूमनाम्यांची रीघ. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी १८७४ च्या अखेरीला दीडशे रुपयांच्या कर्जापायी एका देशमुखांचे घर हुकूमनाम्यात गेले आणि सावकाराने ते पाडायला घेतले. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. न्हावी त्याची हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना. बहिष्कार गावोगाव पसरत गेला.

बुधवार, १२ मे १८७५. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आता बारामतीत आहे. त्या दिवशी तिथला आठवडे बाजार होता. भोवतालच्या गावांतून आलेले शेतकरी जमले आणि गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. रोखे, खते आणि वह्या त्यांना हव्या होत्या. त्या मिळाल्या की रस्त्यात ढीग करून पेटवल्या. ज्यांनी कागद निमूट बाहेर काढून दिले त्यांना बहुतेक ठिकाणी कोणी हात लावला नाही, असे चौकशी करणाऱ्यांनीच नोंदवले. तरी दुकाने लुटली गेली, काही घरे जाळली, आणि त्या घरांतही बायका-मुले होती. ते मी झाकणार नाही. त्या सावकारांपैकी कितीतरी घराणी पिढ्यान्पिढ्या आमच्या गावांत राहिली, आमच्याच शाळांत शिकली. राग कागदावर होता, आणि तो कागद ज्याच्या पेटीत होता त्याच्यावर निघाला.

पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे लोण गेले. सरकारला १८५७ आठवले. गावोगाव पोलीस ठाणी बसली, पलटणी आल्या, चौकशीला आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे जिल्हे आधी त्यात घेतले.

हा कायदा मी नोकरीत असताना एका वकीलसाहेबांच्या कपाटातून घेऊन वाचला. आजही प्रत्येक कर्जदाराने समजून घ्यावा असा तो आहे. पहिली गोष्ट, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करून कैदेत टाकायचे नाही. दुसरी, न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा डोळे मिटून मानायचा नाही. व्यवहार जिथे सुरू झाला तिथपर्यंत मागे जायचे, खरे हातात किती पडले ते काढायचे, आणि मग देणे ठरवायचे. तिसरी, शेतकऱ्याचा रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर, त्याला वाचून दाखवून लिहायचा. चौथी, पैसे घेतले की सावकाराने पावती द्यायची आणि मागितला तर हिशेबाचा उतारा द्यायचा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. कायद्याने शेतकरी कर्जमुक्त झाला नाही, पळवाटाही पुष्कळ निघाल्या. कर्जाच्या जागी खोटे खरेदीखत लिहून घ्यायची चाल त्यानंतरच वाढली. जोतिराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हाही अडाणी शेतकरी कोर्टकचेरीच्या कागदांत कसा नागवला जातो हे त्यांना सांगावेच लागले. पण एक तत्त्व त्या कायद्याने कायमचे घालून दिले: ज्याच्याकडून मागता त्याला समजेल असा कागद दाखवा.

सुप्याच्या शेतकऱ्याने कागद जाळला. तो अडाणी होता म्हणून जाळला असे मला वाटत नाही. जो कागद आपल्याविरुद्ध बोलतो पण आपल्याशी बोलत नाही, त्याचे दुसरे काय करायचे?

मुंबईची गोष्ट निराळी. गिरणीकामगाराला जमीन गहाण टाकायला नव्हती, त्याच्याकडे होता फक्त पगार. त्याला उसने पैसे देणारा पठाण किंवा काबुली रोखा-बिखा फारसा लिहीत नसे. तो पगाराच्या दिवशी काठी घेऊन गिरणीच्या फाटकावर उभा राहायचा. रुपयाला महिना एक आणा व्याज, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. पठाणी व्याज हा शब्द त्यातूनच आपल्या तोंडी बसला. आमचे थोरले चुलते परळला एका गिरणीत होते. ते सांगायचे की पगाराच्या दिवशी काहीजण मागच्या भिंतीवरून उडी मारून जात, आणि घरी येऊन पाहतात तो चाळीच्या जिन्यात तोच माणूस बसलेला. शेजारी बघतात, बायको दाराआड उभी. कामगार निमूट पैसे काढून देई.

भारतातल्या कामगारांविषयीच्या शाही आयोगाने हे सगळे पाहिले. त्या आयोगावर मुंबईचे कामगार पुढारी ना. म. जोशी होते, त्यामुळे मुंबईची चाळ त्यात नीट उमटली. १९३१ च्या अहवालात आयोगाने शिफारस केली की वसुलीसाठी कारखान्याला घेराव घालून बसणे हा फौजदारी गुन्हा मानावा. बंगालने १९३४ मध्ये तसा कायदा केला. मध्य प्रांतात, म्हणजे आपला विदर्भ ज्यात होता तिथे, १९३७ मध्ये ऋणकोंच्या संरक्षणाचा कायदा झाला. मुंबईचा सावकारी कायदा १९४६ चा. त्यात ऋणकोला उपद्रव देण्याबद्दल शिक्षेचे कलम आहे आणि उपद्रव कशाला म्हणायचे तेही फोडून सांगितले आहे: धमकावणे, जाईल तिथे त्याचा पाठलाग करणे, घराजवळ किंवा कामाच्या जागेजवळ घुटमळत राहणे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यातही हे संरक्षण कायम आहे, आणि परवान्याशिवाय सावकारी करणे हा त्यात गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना हे माहीतच नसते, ते थेट राजकारण्याकडे धावतात.

आता माझ्या कामाविषयी. अर्जदाराच्या बाजूने हुकूमनामा झाला आणि पैसे आले नाहीत की तो दरखास्त लावतो. दरखास्तीत वॉरंट निघाले की नाझरसाहेब ते बेलिफाला देतात. त्या वॉरंटावर कोर्टाचे नाव, दरखास्तीचा नंबर, दोन्ही बाजूंची नावे, रक्कम, परत करायची तारीख, न्यायालयाची सही आणि गोल शिक्का असतो. दारात गेल्यावर मी आधी माझे ओळखपत्र दाखवी, मग वॉरंट वाचून दाखवी, आणि मागितल्याशिवायच म्हणे, "बघा, वाचून घ्या." माणूस चष्मा शोधायला आत जाई. मी थांबत असे. जप्ती करायची तर दोन पंच लागत, पंचनामा होई.

काय जप्त करायचे नाही याचीही यादी आहे. नेसते कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि बैल, बायकांच्या अंगावरचा जो दागिना धर्मानुसार काढायचा नसतो तो. एकदा एका शिंप्याच्या घरी अर्जदार हट्टाला पेटला की शिवणयंत्र उचला, तेवढीच किमतीची वस्तू आहे. शिंपी बोलत नव्हता. यंत्रावर अर्धा शिवलेला शाळेचा गणवेश होता. मी अर्जदाराला साठावे कलम उघडून दाखवले. तो माझ्यावर चिडला, पुढे साहेबांकडे तक्रारही केली. यंत्र तिथेच राहिले. त्या शिंप्याने पुढच्या तीन वर्षांत हप्त्याने सगळे पैसे कोर्टात भरले.

हे मी फुशारकीसाठी सांगत नाही. कायद्याने येणारा तगादा कसा दिसतो ते वाचकाच्या डोळ्यांपुढे असावे म्हणून सांगतो. त्याला नाव असते, नंबर असतो, वेळ असते, आणि तो काही वस्तूंना हात लावत नाही.

मी निवृत्त होईपर्यंत तगादा दारातून फोनवर गेला होता. २००० नंतर घराघरांत क्रेडिट कार्डे आणि वाहनकर्जे आली आणि वसुली एजन्सीला देण्याची पद्धत पडली. गुंड पाठवून गाड्या उचलण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका बँकेला फटकारले. एप्रिल २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांसाठी नियम काढले: एजंटाजवळ ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र हवे, कोणती एजन्सी नेमली ते बँकेने ग्राहकाला आधी कळवायला हवे. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात आणखी स्पष्ट केले. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन नाही. शिवीगाळ नाही, धमकी नाही, नाव न सांगता फोन नाही, नातेवाईक आणि मित्रांच्या खाजगी आयुष्यात घुसणे नाही. विहीणबाईंना फोन करणे हे खऱ्या कर्जाच्या बाबतीतही नियमाबाहेरचे आहे.

टाळेबंदीत मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अ‍ॅपचे पेव फुटले. पाच हजार मंजूर, हातात तीन-साडेतीन, बाकीचे आधीच कापलेले. पणजोबांच्या रोख्यातली मनोती ती हीच. अ‍ॅप उतरवताना फोनमधली नावे-नंबर त्यांच्याकडे जात आणि हप्ता चुकला की त्या सगळ्यांना घाणेरडे फोटो आणि निरोप जात. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये कर्जाची सुमारे १,१०० अ‍ॅप आढळली, त्यांतली सहाशे बेकायदा होती. या छळाने काहींनी जीव दिला. तरुण मुले होती ती. पाच-सात हजारांसाठी गेलेला मुलगा हा विषय मला थंडपणे लिहिता येत नाही, म्हणून पुढे जातो.

यापुढची पायरी न घेतलेल्या कर्जाची. ही विद्या आपल्या मुलखात बाहेरून आली असे समजू नये, ती इथून बाहेरही गेली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये अशा एका टोळीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. कधी न घेतलेल्या किंवा न देणे लागणाऱ्या कर्जासाठी अमेरिकन माणसांना धमकावणारे ते फोन भारतातून जात होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापा घातला. तिथली मुले-मुली इंग्रजी नावे घेऊन अमेरिकेतल्या लोकांना फोन करीत आणि सांगत, मी कर खात्यातून बोलतोय, तुमच्याकडे थकबाकी आहे, तासाभरात पोलीस दारात येतील. सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले होते, सत्तरच्या आसपास अटक झाली. बहुतेक विशीतली, नोकरी म्हणून लागलेली. त्यांनी जे वाक्य परक्या म्हाताऱ्यांना ऐकवले, तेच वाक्य आठ-नऊ वर्षांनी हडपसरला माझ्या बहिणीच्या कानावर पडले. फक्त पोलिसांच्या पुढे बेलिफ आला होता.

त्या संध्याकाळी मी रिक्षाने अक्काकडे पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. दिवा लावलेला नव्हता. मी फोन हातात घेतला आणि पाहिले. व्हॉट्सअ‍ॅपवर वॉरंटाचा फोटो आला होता. वर सिंहमुद्रा, खाली कोर्टाचे नाव असे की दिवाणी आणि फौजदारी दोन्ही एकत्र. दरखास्तीचा नंबर नाही, परत करायची तारीख नाही, आणि तळाला पैसे भरायचा यूपीआय. कोणतेही कोर्ट वॉरंटावर यूपीआय लिहीत नाही. पुन्हा फोन वाजला. मी माझे नाव सांगितले आणि विचारले, "दरखास्त नंबर काय? कुठले कोर्ट? कंपनीचा नोंदणी नंबर काय?" पलीकडचा मुलगा, आवाजावरून मुलगाच, आधी ओरडला, मग शिवी दिली, मग फोन ठेवला. आमच्या मराठीत नीट बोलत होता, त्याचे मला जास्त वाईट वाटले.

रात्रीच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करून पैसे गेल्याची तक्रार नोंदवली आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर फोटो चढवले. ज्या नंबरांवरून फोन आले ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरच्या चक्षू सुविधेत कळवले. ती मार्च २०२४ पासून आहे आणि पैसे गेले नसले तरी संशयित फोन तिथे कळवता येतो. दुसऱ्या दिवशी भाच्याने रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत फायनान्स कंपन्यांची यादी पाहिली. त्यात त्या नावाची कंपनी नव्हती. अक्काचा स्वतःचा सिबिल अहवाल काढला. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात एकही कर्ज नव्हते. दाजींच्या बँकेच्या पासबुकात तसली रक्कम कधी जमा झालेली नव्हती. आणि समजा असती, तरी वारसाकडून वसुली होते ती मयताच्या मिळकतीतून जे हाती आले तेवढ्यापुरतीच. बायकोच्या पेन्शनीत कोणी हात घालू शकत नाही, हे तिला सांगितल्यावर ती त्या दिवशी पहिल्यांदा जेवली.

गेलेले ४,००० परत आले नाहीत. फोन आणखी दोन आठवडे येत राहिले. मी अक्काला म्हणालो, नंबर बदलूया. ती म्हणाली, "का म्हणून? ह्या नंबरावर चाळीस माणसं मला ओळखतात." विहीणबाईंकडे ती स्वतः गेली आणि सगळे उघड सांगितले. त्यांनीही मग सांगितले की त्यांच्या भावाला गेल्या वर्षी असाच फोन आला होता, १५,००० गेले, आणि घरात कोणाला कळू नये म्हणून ते गप्प बसले. हे लोक जगतात ते त्या गप्प बसण्यावर. पठाण जिन्यात बसायचा तेव्हा निदान चाळीला कळायचे.

कॅलेंडरच्या मागे अक्काने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: नाव काय, कंपनी कुठली, कर्ज खाते नंबर काय, केस कुठल्या कोर्टात, नंबर काय, कागद टपालाने पाठवा. मार्गशीर्षात शेवटचा फोन आला तेव्हा तिने ते ओळीने वाचले. तिसऱ्या प्रश्नाला फोन कट झाला.

आपल्या घरात, वाड्यात, सोसायटीत ज्या बायका एकट्या राहतात त्यांना हे वाचून दाखवा, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचे छप्पन्नावे कलम विशेष करून सांगा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कोर्ट स्त्रीच्या अटकेचा हुकूम देऊ शकत नाही. १९०८ पासून हा कायदा आहे.